आमगावला उतरायचं नाही

शनिवारी दुपारी तीन वाजता राइस मिलचा मोठा पट्टा फटकन तुटला आणि फुलचूरच्या केवलराम टेंभऱ्यांच्या डोक्यात हाजऱ्याचा धबधबा सुरू झाला.

नवा पट्टा नागपूरहून यायचा होता, म्हणजे सोमवारशिवाय चाक हलणार नव्हतं. शेठ गादीवरूनच म्हणाले, "दिवाणजी, कल छुट्टी मनाओ." मिलचे हिशेब लिहिण्याच्या बारा वर्षांच्या नोकरीत हा शब्द शेठच्या तोंडून केवलरामांनी पहिल्यांदाच ऐकला. शेठला बरं वाटत नसावं अशी शंका त्यांना आली, पण शेठनं विचार बदलण्याच्या आत त्यांनी सायकल काढली आणि घराच्या अंगणात शिरता शिरता, एक पाय अजून पॅडलवर असतानाच जाहीर केलं, "उद्या सकाळच्या पॅशिंजरनं हाजरा. सारेच्या सारे."

आठ वर्षांचा चैतू ओट्यावरून खाली उडी मारून पुन्हा ओट्यावर चढला आणि पुन्हा उडी मारली. पाच वर्षांची नंदा, आपला पिवळा झगा भिजेल की नाही, हे विचारत घरभर फिरू लागली. दोन वर्षांच्या बिसूला काही कळलं नाही, पण सगळे ओरडतात म्हणून तोही ओरडला. पुष्पाबाई सुपात तांदूळ पाखडत होत्या. त्यांनी हात न थांबवता एवढंच विचारलं, "गाडी आमगाववरूनच जाते ना जी?"

"जाते."

"मंग उतराचं का?"

"आमगावले उतराचं नाही," केवलराम म्हणाले. एवढ्या ठाम आवाजात ते मिलमध्ये कधीच बोलत नसत.

आता इथं केवलरामांची एक जुनी गोष्ट सांगणं भाग आहे, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. लग्नाआधी, मिलमध्ये नवीनच लागलेले असताना, केवलराम चार दोस्तांबरोबर हाजऱ्याला निघाले होते. आमगावला गाडी थांबली तेव्हा ते लोटाभर पाणी आणायला खाली उतरले. नळावर एका पागोटेवाल्या गृहस्थानं विचारलं, "कोन्या गावचे तुमी?" मूळ कामठ्याचे, टेंभरे, असं कळताच त्या गृहस्थानं त्यांचं मनगट धरलं. "मंग तं आपलेच पाहुने." आमच्या भागात पाहुण्याला आधी पाय धुवायला पाणी देतात. पाय धुतले की जेवल्याशिवाय जाता येत नाही, जेवलं की लवंडल्याशिवाय जाता येत नाही, आणि लवंडून उठल्यावर चहा घेऊन जी मुलगी समोर आली ती त्या गृहस्थाची लेक पुष्पा. संध्याकाळपर्यंत सोयरीक पक्की झाली. दोस्त मात्र धबधबा पाहून आले आणि पुढं महिनाभर त्याच्याबद्दलच बोलत राहिले.

माणसानं किती सहन करावं यालाही मर्यादा आहे. केवलरामांनी एक दिवस सांगून टाकलं की, सोयरिकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमगावहूनच ते एकटे हाजऱ्याला जाऊन आले. पुढं मुलं झाली, मुलांना गोष्टी लागू लागल्या, आणि धबधबा वाढत गेला. आधी केवलराम त्याच्याखाली उभे राहिले. मग तासभर उभे राहिले. मग डोहातून एक मगर आली. मगरीनं त्यांचा पंचा धरला, त्यांनी इकडून ओढला, तिनं तिकडून ओढला, आणि शेवटी पंच्याचे दोन तुकडे होऊन एक तिच्याकडे राहिला. दुसरा तुकडा घरातच होता. त्यानं केवलराम सायकल पुसत असत. चैतूनं तो एकदा शाळेत नेऊन तिसरीच्या वर्गाला दाखवला होता, आणि गुरुजींनीही तो हातात घेऊन पाहिला होता.

खरी गोष्ट ही की, केवलराम आमगावच्या पुढं त्या दिशेला कधीही गेले नव्हते. आता बायकोमुलांना वाट दाखवायची ती त्यांनीच. चुकले तर चैतूच्या डोळ्यांदेखत चुकणार. पण त्यांचा हिशेब सरळ होता : एकदा धबधबा डोळ्यांनी पाहिला की मागचं खोटं आपोआप खरं होईल. अट एकच. आमगावला उतरायचं नाही.

संध्याकाळपर्यंत ही बातमी वेशीपर्यंत पोचली आणि सल्ले येऊ लागले. शेजारचे श्यामलालजी रेल्वेतून मुकादम म्हणून निवृत्त झालेले. लाइनीवरची इंच न् इंच जमीन आपल्या पगारातून कापून घेतलेली आहे, असं त्यांचं बोलणं असे. ते म्हणाले, "काठी घ्या. अस्वल आहे तिकडं." विडी पेटवून म्हणाले, "काठी घेऊ नोका. काठी पाहून अस्वल जादा चिडते." मग त्यांनी केवलरामांच्या दसऱ्याला घेतलेल्या नव्या काळ्या पंपशूकडे पाहिलं. "हे घालून जाऊन राहिले का तुमी? जंगलात?"

"मले वाट मालूम आहे," केवलराम म्हणाले.

"हो, तुमी तं जाऊन आलेले," श्यामलालजी म्हणाले, आणि त्यांनी विडीचा इतका लांब झुरका घेतला की केवलरामांना त्यात संशय दिसला. या एका झुरक्यामुळं पंपशू घालून जाणं आता अटळ झालं.

सकाळी कोंबड्याबरोबर सगळे उठले. पुऱ्या, लोणचं, भाताची गुंडी, कांदे, बिसूची दुपटी असं सामान दारात मांडलं असताना पलीकडच्या सुलोचनाबाई डोक्यावर एक कोहळं घेऊन आल्या. कोहळं म्हणजे साधंसुधं नव्हे. बिसूला त्याच्याशेजारी बसवलं तर बिसूच धाकटा दिसला असता. सुलोचनाबाईंची लेक आमगावलाच दिलेली, आणि तीही पुष्पाबाईंच्या माहेराला लागून.

"खिडकीतून देऊन द्याचं फक्त," सुलोचनाबाई म्हणाल्या. "उतराची गरजच नाही. पोरगी टेसनावर येईन. काल सांजच्या गाडीनं उदाराम गेला, त्याच्याजवळ मी सांगावा धाडला."

"काय सांगावा धाडला?" केवलरामांनी विचारलं.

"हेच की, टेंभरेबापू सहकुटुंब आमगाववरून जाऊन राहिले."

केवलराम ओट्यावर बसले. फुलचूर-आमगाव ये-जा करणाऱ्या उदारामाला सांगणं आणि आमगावात दवंडी पिटणं यात फरक होता तो एवढाच की दवंडीवाला थोडा वेळ पाणी प्यायला तरी थांबतो. पण कोहळं नाही म्हणावं तर सुलोचनाबाई वर्षभर बोलणार नाहीत, आणि बोलल्या तर ते त्याहून वाईट. त्यांनी कोहळं उचललं.

गोंदिया स्टेशनच्या फाटकावर तिकीटबाबूनं अडवलं. थंडी होती, म्हणून पुष्पाबाईंच्या कडेवर बिसू दुपट्यात गुंडाळलेला. आणि कोहळ्याला खोक पडू नये म्हणून केवलरामांच्या खांद्यावर तेही दुपट्यात गुंडाळलेलं. बाबूनं आधी एका गाठोड्याकडे, मग दुसऱ्याकडे पाहिलं.

"इस दूसरे की उमर?"

"साहब, ये कोहळा है," केवलराम शक्य तितक्या शुद्ध हिंदीत म्हणाले.

"नाम नहीं पूछा. उमर पूछी."

मागं रांग लागली होती. कुणीतरी म्हणालं, पोरगं झोपलं आहे, जाऊ द्या बिचाऱ्यांना. केवलरामांना भर फाटकात कोहळ्याचं तोंड उघडून दाखवावं लागलं. बाबूनं त्यावर टिचकी मारली, पिकलं आहे का ते पाहिलं आणि रस्ता सोडला. मिलचा दिवाणजी म्हणून स्टेशनातले चार हमाल त्यांना ओळखत होते. नेमके तेच चार हमाल तिथं उभे होते.

गाडी सुटली तशी मुलं खिडकीला चिकटली. दोन्ही बाजूंना कापणीला आलेला धान पिवळा पडत होता. बांधावरचे बगळे, तळी, गाडीबरोबर धावणारी पोरं, प्रत्येक गोष्टीला चैतू आणि नंदा ओरडून सलाम करत होते. केवलरामांनाही हुरूप चढला. बारा वर्षांनी का होईना, आपण त्याच गाडीत, त्याच दिशेला निघालो आहोत, या विचारानं त्यांच्या मनात चैतूइतक्याच उड्या चालल्या होत्या. ते दर दोन मिनिटांनी पुष्पाबाईंकडे पाहून हसत होते. पुष्पाबाई बिसूचं नाक पुसत होत्या.

आमगाव जवळ आलं तसे ते उठले. फलाटाकडच्या खिडक्या त्यांनी खाली ओढल्या. चैतूला बाकाखाली घातलं, नंदाला दुपट्याखाली झाकलं आणि बजावलं की, गाडी पुन्हा हलेपर्यंत आवाज काढायचा नाही. मुलांना हा खेळ इतका आवडला की दोघांनी श्वासही रोखून धरला. कोहळं कुणा अनोळखी माणसाच्या हाती दारातून सरकवून द्यायचं, असं ठरलं होतं.

गाडी थांबली. केवलरामांनी दार बोटभर उघडून पाहिलं, आणि त्या बोटभर फटीत त्यांना आख्खं सासर दिसलं. सगळ्यात पुढं सासूबाई, हातात पाण्यानं भरलेला पितळी लोटा. त्यांच्या मागं मोठी मेहुणी निर्मलाबाई आणि त्यांची चार मुलं. बाजूला निर्मलाबाईंचे नवरे, म्हणजे केवलरामांचे साडभाऊ दुलीचंद, खांद्यावर पाय पुसायचा पंचा. सुलोचनाबाईंची लेक गर्दीत कुठंतरी मागं टाचा उंचावत होती.

"आजी," दुपट्याखालून नंदा म्हणाली. तिनं फक्त बाहेरच्या गलक्यातला आवाज ओळखला होता.

मग काही लपण्यासारखं राहिलं नाही. केवलरामांनी दार उघडलं, दोन्ही बाजूंच्या दांड्या घट्ट धरल्या आणि नमस्काराऐवजी म्हणाले, "उतरत नाही मी. वापस येताना येतो."

"सासऱ्याच्या गावावरून कोरड्या पायानं जाता का, जवाईबापू?" सासूबाई म्हणाल्या. "नोका उतरू. पाय तं द्या."

केवलरामांनी क्षणभर विचार केला. पाय बाहेर काढणं म्हणजे उतरणं नव्हे. अंग तर गाडीतच राहतं. त्यांनी उजवा पाय खाली सोडला. दुलीचंदनं अदबीनं पंपशू काढून फलाटावर ठेवला. सासूबाईंनी पाणी घातलं, दुलीचंदनं पुसलं. डब्यातले लोक माना बाहेर काढून पाहत होते. एका दांडीला लोंबकळत, एक पाय साडभावाच्या हाती देऊन केवलराम जावयाला शोभेल असा चेहरा करण्याचा प्रयत्न करत होते.

"आता डावा," सासूबाई म्हणाल्या, आणि शिट्टी झाली.

गाडी हलली. केवलरामांनी उजवा पाय आत ओढला, आणि नेमकं इथं सासूबाईंच्या घराण्याची इज्जत पणाला लागली. जावयाचा एक पाय धुतला आणि एक तसाच गेला, तर लोक काय म्हणतील? "एका पायानं पाहुना गेला तं घरात बरकत राह्यत नाही," असं म्हणून त्या लोट्यासकट पायरीवर चढल्या. माय चढली म्हणून निर्मलाबाई चढल्या. निर्मलाबाई चढल्या म्हणून चार मुलं आनंदानं चढली. बायकोमुलं चालली हे पाहून दुलीचंद पंचा सावरत धावले आणि शेवटच्या दांडीला लटकले.

आमगाव मागं पडलं. केवलरामांनी शब्द पाळला होता. ते उतरले नव्हते. फक्त आमगाव गाडीत चढलं होतं. उजवा पंपशू तिकडं फलाटावर राहिला होता, आणि कोहळं इकडं बाकावर बिसूच्या शेजारी बसलं होतं.

"डावा इथंच धुवून टाक ना, माय," निर्मलाबाई म्हणाल्या.

"पानी सांडलं चढताना. आन रेल्वेच्या डब्यात पाय धुतला तं तो रेल्वेचा पाहुनचार होते, आपला नाही," सासूबाईंनी निकाल दिला. डब्यातल्या दोन म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या.

हाजऱ्यासाठी जिथं उतरायचं त्या दरेकसाच्या छोट्या स्टेशनवर बारा माणसं आणि एक कोहळं उतरलं. तिकिटं होती फक्त गोंदियावाल्यांजवळ. स्टेशनबाबू तरुण होता आणि आजूबाजूला नुसतं जंगल असल्यामुळं कामाला आसुसलेला होता. त्यानं सगळ्यांना ओळीत उभं केलं. आमगावपासूनची तिकिटं तर काढावीच लागतील, पण सात माणसं विनातिकीट का चढली, याचा खुलासा लेखी पाहिजे, असं त्याचं म्हणणं पडलं. सगळ्यांनी केवलरामांकडे पाहिलं. लिहिणं हा त्यांचा धंदा होता. एका पायात पंपशू, एक पाय अनवाणी, अशा अवस्थेत त्यांनी स्टेशनच्या टेबलावर अर्ज लिहिला :

"सेवेशी स्टेशनबाबू साहेब. अर्जदार केवलराम टेंभरे, मुक्काम फुलचूर, यांचा उजवा पाय आमगाव येथे रीतीप्रमाणे धुण्यात आला. डावा पाय गाडी सुटल्यामुळे शिल्लक राहिला. सदर पायाच्या पाठपुराव्यासाठी सासरची सात माणसे नाइलाजाने गाडीत चढली. यात रेल्वेला फसविण्याचा हेतू नव्हता. तरी कृपा व्हावी."

बाबूला मराठी येत नव्हतं, म्हणून हा अर्ज केवलरामांनाच हिंदीत मोठ्यानं वाचून दाखवावा लागला. बाबूनं तो दोनदा ऐकला. मग त्यानं केवलरामांना स्वतःची खुर्ची दिली. "मेरी ससुराल डोंगरगढ़ में है," तो हळू आवाजात म्हणाला. "मैं भी वहाँ गाड़ी से नहीं उतरता." सात तिकिटं फाडून त्यानं अर्जाची नीट घडी केली आणि खिशात ठेवली, बायकोला दाखवायला असावी.

खरी परीक्षा आता होती. स्टेशनबाहेर सगळे थांबले आणि वाट दाखवणाऱ्याकडे पाहू लागले. चैतू तर बापाचं बोट धरून छाती काढून उभा होता. आपल्या मावसभावांना तो सांगत होता, "माह्या बाबाले डोळे मिटून येते वाट."

केवलरामांनी डोळे मिटले नाहीत एवढंच. एक पायवाट दिसली, ती त्यांनी आत्मविश्वासानं धरली. खांद्यावर कोहळं, एक पाय पंपशूमुळं उंच, दुसरा खड्यांमुळं आखडलेला. "हे तेंदूचं झाड, हे तवाही होतं," ते म्हणाले. पुढं एक वारूळ आलं, तेही तेव्हा होतं. एक तुटकी बैलगाडी आली. ती तेव्हा नवी होती. मागं मुलं हसत-खिदळत, पळसाच्या पानांच्या टोप्या घालून चालली होती. त्यांना वाट चुकणं आणि वाट सापडणं सारखंच मजेचं होतं. पाऊण तासानं झाडी विरळ झाली, उजेड दिसला, केवलरामांनी पावलं भराभर टाकली, आणि समोर स्टेशन आलं.

"देख आए?" बाबूनं दारातून विचारलं.

चैतूनं बापाचं बोट सोडलं नव्हतं, पण त्याची पकड थोडी सैल झाली, आणि ते केवलरामांना खड्याहून जास्त टोचलं. दुलीचंद पंच्यानं मान पुसत म्हणाले, "साडभाऊ, तुमी तं येऊन गेल्ते ना?"

"कवा आल्ते?" सासूबाई म्हणाल्या. "त्या खेपेस तं यांच्या सासऱ्यानं खुद्द जाऊन—"

"माय, लोटा सांभाळ. पानी सांडून राहिलं," पुष्पाबाई मध्येच म्हणाल्या.

सासूबाईंनी लोट्यात डोकावून पाहिलं. लोटा आमगावपासून रिकामाच होता. पण तोवर पुष्पाबाईंनी बिसूला कडेवर घेतलं होतं, पदर खोचला होता आणि त्या चालू लागल्या होत्या. "यांनी सांगतलं होतं मले, नाल्याच्या कडंकडंनं जाचं म्हनून. पायात जोडा नाही म्हनून यांची वाट चुकली," असं म्हणत त्या वळणावर न थांबता वळल्या, एका जागी सवयीनं वाकून फांदीखालून गेल्या, आणि उताराला लागल्या. केवलराम कोहळं घेऊन मागं निघाले. असं काही आपण कधी सांगितल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

आधी आवाज आला. मग गारवा आला. मग झाडं बाजूला झाली आणि तो दिसला. डोंगराच्या काळ्या कड्यावरून पांढरं पाणी कोसळत होतं, खाली आपटून त्याचा धूर होत होता, आणि उन्हात तो धूर चमकत होता. मुलं एकदम किंचाळत सुटली. दुलीचंद "अबब" म्हणाले ते पाच मिनिटं तेवढंच म्हणत राहिले. केवलराम नुसते पाहत उभे राहिले. बारा वर्षं ते जे सांगत आले होते त्यातला एक शब्दही याला पुरा पडत नव्हता. त्यांना रडू आलं, आणि तुषार उडत होते म्हणून बरं झालं.

मावसभावंडं कपडे काढून कडेच्या उथळ पाण्यात शिरली. नंदा पिवळ्या झग्यासकट शिरली. बिसूला सासूबाईंनी धरून बसवलं. फक्त चैतू काठावर उभा होता. अंगात सदरा तसाच, दोन्ही हात पाठीशी.

"ये ना रे," मोठा मावसभाऊ ओरडला.

"मले सर्दी झाली," चैतू म्हणाला.

केवलराम त्याच्याजवळ गेले. पोराच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो ते कुणाला दिसू नये म्हणून मान वळवत होता. "काय झालं, बाबू?"

चैतूनं डोहाकडे बोट दाखवलं आणि अगदी हळू विचारलं, "ते अजून इथंच राह्यते का? मगर?"

केवलरामांना उत्तर तयार होतं. मगर म्हातारी झाली, मेली, नदीतून वाहून गेली. एवढ्या वर्षांच्या सरावानं त्यांना काय अशक्य होतं? पण मेलेल्या मगरीला पोरं असतात, हे चैतूच्या तोंडावर त्यांना आधीच लिहिलेलं दिसलं. शाळाभर ज्याच्या बापाची कीर्ती होती, तो पोरगा आयुष्यातला पहिला धबधबा काठावर उभा राहून पाहणार होता, आणि तोही बापाच्याच मगरीमुळं. केवलराम गुडघ्यांवर बसले. पाण्याचा आवाज एवढा होता की दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नव्हतं.

"मगर नाही, चैतू. कधीच नव्हती."

"मंग पंचा कोनं फाडला?"

"खिळ्याले लागून फाटला. मी इथं आलोच नव्हतो. आजच आलो. तुह्यासंगंच."

चैतूनं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. केवलरामांना वाटलं, आता गेलं, जे काही होतं ते गेलं. शेठसमोर हिशेबाची वही ठेवतानाही ते कधी एवढे घाबरले नव्हते.

"म्हंजे तुमीबी पयल्यांदाच जानार का पान्यात?" चैतूनं विचारलं.

"पयल्यांदाच."

"तुमाले भेव लागून राहिलं का?"

"थोडंसं."

चैतूनं सदरा काढला आणि हात पुढं केला. "चला मंग. मी धरतो तुमाले."

दोघं पाण्यात उतरले. केवलरामांनी डावा पंपशू काठावर काढून ठेवला होता. पाणी इतकं गार होतं की दोघंही एकदम ओरडले, आणि मग दोघांनाही हसू आवरेना. तुषारांखाली बाप-लेक उभे राहिले, तासभर नाही, पण बराच वेळ. काठावरून सासूबाईंनी समाधानानं लोटा खाली ठेवला. "झालं. डावाही धुतला गेला. आता जेवाले बसा."

जेवणं झाल्यावर पुष्पाबाई खडकावर केस वाळवत बसल्या होत्या. केवलराम त्यांच्या शेजारी येऊन बसले.

"तुले वाट कशी मालूम होती?"

"लगनाच्या आधी दरसाल येत होतो आमी सारे. दिवाळीनंतर."

बारा वर्षांच्या सगळ्या गोष्टी त्यांच्या डोळ्यांपुढून गेल्या. "आन मी आलो नव्हतो, हे?"

"बाबूजीनंच तं दुसऱ्या दिवशी सकाळी तुमाले गोंदियाच्या गाडीत बसवून देल्लं. तुमी निघाले तवा मी दारातून पाहून राहिली होती."

"मंग एवढे दिवस बोलली काऊन नाही?"

पुष्पाबाईंनी केसांची गाठ मारली. "तुमी सांगत होते ना. तुमचा धबधबा याच्याहून मोठा होता. मले आवडे आयकाले." मग ओला पदर पिळत म्हणाल्या, "मगर मातर जास्त झाली होती."

संध्याकाळच्या गाडीनं सगळे परतले. आमगावला सासरची मंडळी उतरली. गाडी लगेच सुटली, आणि कोहळं बिसूच्या डोक्याखाली होतं हे पुढच्या स्टेशनवर लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुष्पाबाईंनी ते सुलोचनाबाईंना नेऊन दिलं आणि डोळ्याची पापणी न हलवता सांगितलं की, लेकीनं बदल्यात आपल्याकडचं धाडलं. सुलोचनाबाईंनी ते फोडून खाल्लं आणि गल्लीभर सांगितलं की, आमगावच्या मातीत कोहळं आपल्याहून गोड होतं.

सोमवारी पट्टा आला आणि मिल सुरू झाली. संध्याकाळी केवलराम जुन्या वहाणा घालून घरी आले तर ओट्यावर श्यामलालजी वाट पाहत बसले होते. आज त्यांच्या हातात विडी नव्हती.

"काऊन जी," ते म्हणाले, "मगरीनं तुमचा जोडा नेला म्हनते. शाळेतून आयकून आला आमचा नातू. चैतूनं सांगतलं म्हने, दोघा बापलेकांनी मिळून हाकलली तिले."

दारात चैतू उभा होता. त्यानं बापाकडे पाहिलं. पाहण्यात विनंती नव्हती. एकाच धंद्यातल्या एका माणसानं दुसऱ्याकडे पाहावं तसं पाहिलं.

"उजवा," केवलराम म्हणाले. "उजवा नेला."

बुधवारी आमगावहून उदाराम आला. सासूबाईंनी पंपशू पुसून, तेल लावून, फडक्यात बांधून पाठवला होता. पुष्पाबाईंनी गाठोडं घेतलं, उदारामाला पाय धुवायला पाणी दिलं, आणि आत जाऊन दोन्ही पंपशू धानाच्या कोठीमागं खोल सरकवून ठेवले. पोराचा शब्द राखायचा म्हणून केवलराम दिवाळीलासुद्धा जुन्याच वहाणा घालून शेठच्या पूजेला गेले. शेठनं पायांकडे पाहून विचारलं तेव्हा त्यांनी ताठ मानेनं सांगितलं, "मगर ले गयी, शेठजी."